कायबॅबचा हाका

१९२४ सालच्या डिसेंबर महिन्यातील ही गोष्ट. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यन या जगप्रसिद्ध दरीच्या उत्तर काठावरील रानात शंभराहून अधिक माणसे एक लांबच लांब रांग धरून उभी होती. काही घोड्यांवर होती, बाकीची पायी. पायी चालणाऱ्यांत नव्हाहो आणि पायूट या मूळ जमातींचे लोक बरेच होते. त्यांच्या हाती गुरांच्या गळ्यातील घंटा होत्या, वाजविण्यासाठी पत्र्याचे डबे होते. आपल्याकडे संस्थानिकांच्या शिकारीसाठी गावोगावचे लोक गोळा करून जसा हाका घालीत, तसाच हा हाका होता. फरक इतकाच की, या हाक्याच्या शेवटी मचाणावर कोणी बंदूकवाला बसलेला नव्हता. हरणांना मारण्यासाठी नव्हे, तर उपासमारीतून वाचविण्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता.

बेत मोठा धाडसी होता. उत्तर काठावरील हजारो हरणे हाकीत दरीच्या कडेला आणावयाची, अरुंद पायवाटांनी खाली उतरवावयाची, कोलोरॅडो नदीत पोहावयास लावावयाची आणि समोरचा कडा चढवून दक्षिण काठावरच्या मोकळ्या रानात सोडून द्यावयाची. फ्लॅगस्टाफ गावचा जॉर्ज मॅककॉर्मिक नावाचा मनुष्य या योजनेचा जनक होता. पलीकडे पोचलेल्या प्रत्येक हरणामागे त्याला अडीच डॉलर मिळावयाचे होते. हा प्रसंग डोळ्यांनी पाहावा म्हणून त्या काळचा अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार झेन ग्रे तेथे आला होता आणि तो पडद्यावर आणावा म्हणून सिनेमाचे छायाचित्रकारही आले होते.

या हाक्याचे पुढे काय झाले ते यथावकाश सांगतो. परंतु हरणांना वाचविण्यासाठी दरीत लोटण्याची पाळी माणसांवर का आली, हे समजून घेण्यासाठी आपल्याला थोडे मागे गेले पाहिजे.

आडवा पडलेला डोंगर

ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेस कायबॅब नावाचे विस्तीर्ण पठार आहे. पायूट भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आडवा पडलेला डोंगर’ असा होतो. त्याची उंची जास्तीत जास्त सुमारे २,८०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या दुप्पट. माथ्यावर पाइन, स्प्रूस आणि अ‍ॅस्पेन वृक्षांची दाट अरण्ये आहेत आणि मधूनमधून हिरवी कुरणे. थंडीत तेथे कित्येक फूट बर्फ साचते. मात्र या हिरव्या बेटाच्या चारही अंगांना वाळवंट पसरले आहे. दक्षिणेस दीड किलोमीटर खोल दरी, पूर्वेस हाउस रॉक खोऱ्याचा उजाड प्रदेश, पश्चिमेस कानाब ओढ्याची घळ आणि उत्तरेस सेजब्रश नावाच्या करड्या झुडपांची रुक्ष भूमी.

आणखी एक विलक्षण गोष्ट म्हणजे या अरण्यात वाहते पाणी जवळजवळ नाही. खालचा खडक चुनखडीचा असल्यामुळे पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी जमिनीत मुरून जाते आणि खोल दरीत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. माथ्यावर उरतात ती थोडी डबकी. माणसाला येथे तहानेने व्याकूळ होण्यास वाळवंटातच असले पाहिजे असे नाही. तो हिरव्यागार झाडाखालीही तहानेलेला राहू शकतो.

या प्रदेशाचा लेखी वृत्तांत देणारे पहिले प्रवासी दोन फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते. फादर दोमिंगेझ आणि फादर एस्कालांते हे २९ जुलै १७७६ रोजी सांता फे येथून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील माँटेरे गाठण्यासाठी निघाले होते. हिवाळा जवळ आला तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या टाकून परतण्याचा निर्णय घेतला आणि परतीची वाट त्यांना या वाळवंटातून घेऊन गेली. अन्न संपले. रानातील बिया आणि निवडुंग खाऊन माणसे आजारी पडली. शेवटी स्वतःचे घोडे मारून खाण्याची वेळ आली. ऑक्टोबरच्या अखेरीस ते कोलोरॅडोच्या काठी पोचले, पण नदी ओलांडता येईना. त्या मुक्कामाला त्यांनी ‘साल्सिपुएदेस’ असे नाव दिले. ‘जमेल तर बाहेर पड’ असा त्याचा अर्थ. अखेर ७ नोव्हेंबरला वर एका ठिकाणी त्यांना उतार सापडला आणि २ जानेवारी १७७७ रोजी ते सांता फेला परतले.

त्यांचा जीव जेथे मेटाकुटीस आला, त्याच प्रदेशात एक प्राणी मात्र सुखाने नांदत होता. खेचरासारखे लांब कान असलेले म्यूल हरिण उन्हाळ्यात माथ्यावरच्या कुरणात चरते आणि बर्फ पडू लागताच वाळवंटाच्या बाजूच्या उतारांवर, जुनिपरच्या झुडपांत उतरते. शरद ऋतूत पायूट आणि नव्हाहो लोक मांसासाठी आणि कातड्यासाठी येथे शिकारीला येत. पुढे आलेल्या मॉर्मन वसाहतवाल्यांनीही या पठाराला ‘बकस्किन माउंटन’, म्हणजे मृगाजिनाचा डोंगर, असेच नाव दिले.

अभयारण्य आणि बंदूक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पठारावर मेंढ्या आणि गुरे यांचे प्रचंड कळप चरावयास आले. कुरणे पार खुरटून गेली. १८९३ साली अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी हा भाग राखीव वन म्हणून जाहीर केला आणि २८ नोव्हेंबर १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तेथे शिकारबंदीचे अभयारण्य स्थापन केले. हरणांचे रक्षण हा त्यातील मुख्य हेतू होता. त्या वेळी पठारावर तीन ते चार हजार हरणे असावीत असा अंदाज होता.

रूझवेल्ट हे स्वतः नामांकित शिकारी होते आणि वन्य प्राण्यांवर त्यांचे मनापासून प्रेमही होते. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे त्यांच्या पिढीला वाटत नसे. जसा हरणांचा शिकारी माणूस, तसाच प्यूमा, तसाच लांडगा. तेव्हा माणसाला बंदी केली की दुसऱ्या शत्रूंचाही नायनाट केला पाहिजे, हा त्या काळचा सरळ हिशेब होता. त्यानुसार सरकारने पगारी शिकारी नेमले. पुढील काही दशकांत या पठारावर शेकडो प्यूमा आणि हजारो कायोटी मारले गेले. लांडगा तर समूळ नाहीसा झाला.

जुलै १९१३ मध्ये रूझवेल्ट, तेव्हा अध्यक्षपदावरून उतरलेले, आर्ची आणि क्वेंटिन या आपल्या दोन मुलांना आणि निकोलस या तरुण नातलगाला घेऊन येथे प्यूमाच्या शिकारीस आले. दक्षिण काठावरून ते दरीत उतरले, तारेवर टांगलेल्या पिंजऱ्यात बसून त्यांनी नदी ओलांडली आणि पलीकडचा कडा चढून ते माथ्यावर पोचले. त्यांचा वाटाड्या होता ‘अंकल जिम’ ओवेन्स, अभयारण्याचा रखवालदार आणि प्यूमा मारण्यात हातखंडा असलेला गडी. ही शिकार रूझवेल्ट यांनी मोठ्या रसिकतेने लिहून ठेवली असून १९१६ साली निघालेल्या ‘अ बुकलव्हर्स हॉलिडेज इन द ओपन’ या त्यांच्या पुस्तकात ती वाचावयास मिळते. आपण हरणांचे भले करीत आहोत याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि हरणेही वाढत होती.

ती वाढत राहिली. माणसाची बंदूक थांबली होती, प्यूमाचा पंजा जवळपास थांबला होता, मेंढ्यांचे कळपही पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी झाले होते. १९२० नंतर वनाधिकाऱ्यांच्या ध्यानात आले की, मागील पायांवर उभे राहून हरणाचे तोंड जेथवर पोचते तेथवर प्रत्येक झाड पानाविना उघडे पडले आहे. अ‍ॅस्पेनचे नवे रोप डोके वर काढू शकत नव्हते. हिवाळ्यात उतारांवर हरणांच्या फासळ्या मोजता येत होत्या.

दूरदेशीचे शिकारी

ऑगस्ट १९२४ मध्ये केंद्र सरकारच्या कृषिमंत्र्यांनी नेमलेली एक समिती पठारावर आली. जॉन बर्नहॅम हे तिचे अध्यक्ष होते. समितीने तीन उपाय सुचविले : शक्य तितकी हरणे जिवंत पकडून अन्यत्र पाठवावीत, ते न पुरेल तर शिकाऱ्यांना परवाने द्यावेत, आणि तेही अपुरे ठरले तर सरकारी माणसांकरवी हरणे मारावीत. अठरा वर्षे ज्या रानात बंदुकीला मनाई होती तेथे त्याच सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी परवाने देऊन शिकाऱ्यांना बोलावण्यात आले.

त्या वेळी तेथे पोचणे हेच एक दिव्य होते. दोन काठांमधील सरळ अंतर अवघे सोळा किलोमीटर. पण मोटारीने जावयाचे तर वाळवंटाला मोठा वळसा घालावा लागे. आजचा पक्का रस्तादेखील सुमारे ३४५ किलोमीटरचा आहे. १९२४ साली कोलोरॅडोवर त्या बाजूस पूल नव्हता. मोटार लीज फेरी येथे तरीवर चढवून पलीकडे न्यावी लागे. धर्मगुरूंनी ज्याला ‘साल्सिपुएदेस’ म्हटले होते तीच ही जागा. (ही तर १९२८ मध्ये तीन माणसांसह बुडाली आणि १९२९ मध्ये नवा पूल खुला झाला.) म्हणूनच अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेकडील नागरिकाला स्वतःच्याच राज्यातील हे रान परदेशासारखे दूर होते आणि शेजारच्या यूटा राज्यातील माणसाला ते तुलनेने जवळ होते. तिकडूनही कच्च्या वाटा, वाळूत रुतणारी चाके आणि सोबत न्यावयाचे पाणी यांचा विचार करूनच निघावे लागे.

इतके सायास करून आलेल्या शिकाऱ्याला तेथे काय दिसले असेल याची कल्पना करावी. वाळवंटातील शिकार म्हणजे एरवी दिवसेंदिवसची पायपीट, दुर्बिणीतून डोंगर न्याहाळणे, एखादे सावध हरिण दिसलेच तर वाऱ्याची दिशा सांभाळीत त्याच्या मागे सरपटणे. येथे हरणे शोधावी लागतच नव्हती. कठीण होते ते पुढचेच, मारलेले हरिण घरी नेणे.

कारण पठाराच्या सीमेवर अ‍ॅरिझोना राज्याचे अधिकारी उभे होते. त्यांचे म्हणणे असे की, जमीन केंद्र सरकारची असेल, पण वन्य प्राणी राज्याचे आहेत. राज्याचा शिकारीचा कायदा मोडून कोणीही येथून हरिण नेऊ शकत नाही. राज्यपाल जॉर्ज हंट यांनी हा प्रश्न राज्याच्या मानाचा केला. केंद्राचा परवाना खिशात असलेल्या माणसांवर राज्याने खटले भरण्याची धमकी दिली, काहींना अटकही झाली. दोन सरकारांच्या भांडणात परमुलुखातून आलेला शिकारी सापडला आणि परवान्यांचा उपाय त्या वर्षी फारच तोकडा पडला. हरणे तर दिवसेंदिवस खंगत होती.

अशा वेळी मॅककॉर्मिकची हाक्याची योजना सर्वांना आकर्षक वाटली यात नवल नाही. तिच्यात कोणाला मारावयाचे नव्हते, कोणाच्या अधिकाराला धक्का नव्हता.

बर्फातील सकाळ

डिसेंबरच्या मध्यास हाका सुरू झाला तेव्हा हवामान उलटले. बर्फाचे वादळ आले. रांग जंगलातून पुढे सरकू लागली, घंटा आणि डबे वाजू लागले. काही काळ हरणे पुढे पळालीही. परंतु मेंढरू कळपाबरोबर चालते, हरिण तसे चालत नाही. कोंडीत सापडल्याची जाणीव होताच ते पुढच्या कड्याकडे न जाता मागे वळते. हरणे माणसांच्या रांगेतील फटींतून, घोड्यांच्या मधून, उड्या घेत मागे निसटली. हाकेवाले दरीच्या काठी पोचले तेव्हा त्यांच्यापुढे एकही हरिण नव्हते. नदीपलीकडे एकही हरिण गेले नाही. मॅककॉर्मिकला एक डॉलरही मिळाला नाही.

झेन ग्रे यांनी या अनुभवावर ‘द डिअर स्टॉकर’ ही कादंबरी लिहिली. ती १९२५ साली नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मला मात्र त्या रांगेतील पायूट आणि नव्हाहो माणसे अधिक आठवतात. त्यांचे पूर्वज याच रानात दर वर्षी येऊन गरजेपुरती हरणे मारीत. आता तेच लोक मजुरीवर डबे वाजवीत होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्यांच्या शिकारीने या पठाराचा तोल सांभाळण्यास किती हातभार लावला होता, हे समजून घेण्याची निकड तेव्हा कोणालाच वाटली नसावी.

त्यानंतरचे दोन हिवाळे भीषण ठरले. उतारांवर हरणे हजारोंनी मेली.

राज्य आणि केंद्र यांचा तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला : स्वतःच्या जमिनीची हानी होत असेल तर ती थांबविण्यासाठी हरणे मारण्याचा केंद्र सरकारला अधिकार आहे, राज्याचा शिकारीचा कायदा त्याच्या आड येऊ शकत नाही. मात्र हद्दीबाहेर पाठविलेल्या प्रत्येक हरणावर ते केंद्राच्या अधिकाराने मारल्याची स्पष्ट खूण असावी, अशीही अट घातली गेली. न्याय झाला खरा, पण त्याला चार वर्षे लागली होती.

कथा आणि सत्य

कायबॅबची कथा येथे संपली असती. परंतु तिला एक दुसरे आयुष्य लाभले. आल्डो लिओपोल्ड हे १९०९ साली तरुण वनाधिकारी म्हणून अ‍ॅरिझोनात आले होते. त्या दिवसांत त्यांनी एका लांडगीला गोळी घातली आणि मरणाऱ्या त्या जनावराच्या डोळ्यांतील तेज विझताना पाहिले. लांडगे कमी म्हणजे हरणे जास्त आणि हरणे जास्त म्हणजे शिकाऱ्यांचा स्वर्ग, असे तेव्हा त्यांना वाटत होते. पुढे त्यांचे मत पालटले. १९४३ साली त्यांनी कायबॅबच्या हरणांचा एक आलेख प्रसिद्ध केला : १९०५ च्या सुमारास चार हजार, १९२४ मध्ये एक लाख, दोन हिवाळ्यांत साठ टक्के मृत्यू आणि १९३९ मध्ये दहा हजार. लांडग्यावरील त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ साली ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकात आला. मांसभक्षक मारले की वन मरते, हा धडा जगभरच्या पाठ्यपुस्तकांनी या आलेखासह मुलांना शिकविला.

१९७० साली ग्रीम कॉली या शास्त्रज्ञाने त्या आलेखाकडे बोट दाखविले. त्याचा अभ्यासविषय होता आपल्या हिमालयातला थार, ज्याला १९०४ मध्ये न्यूझीलंडला नेऊन सोडण्यात आले होते आणि जो तेथे बेसुमार वाढला. प्राण्यांची संख्या एकाएकी का फुगते, हे शोधताना कॉली कायबॅबच्या मूळ कागदपत्रांपर्यंत गेला. त्याला आढळले की, १९२४ सालचा एक लाखाचा आकडा हा पठारावर येऊन गेलेल्या पाहुण्याचा अंदाज होता. त्याच वर्षी वनखात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याने तीस हजारांचा अंदाज दिला होता. शिवाय मेंढ्या आणि गुरे कमी झाली, शिकार बंद झाली आणि प्यूमा मारले गेले, हे सर्व एकाच काळात घडले. तेव्हा हरणे नेमकी कशामुळे वाढली, हे ठामपणे कसे सांगावे? त्याच्या या प्रश्नानंतर अनेक पाठ्यपुस्तकांनी कायबॅबला मुकाट्याने निरोप दिला.

तरीही गोष्ट तेथे थांबली नाही. २००६ साली काही संशोधकांनी मनुष्याच्या साक्षीऐवजी झाडांची साक्ष काढली. अ‍ॅस्पेनच्या खोडातील वर्तुळे मोजून कोणते झाड कोणत्या दशकात रुजले हे पाहिले. १९२० च्या सुमारास रुजलेली झाडे फारच थोडी निघाली. म्हणजे हरणांनी त्या काळी खरोखरच रोपे खाऊन टाकली होती. आकडे डळमळीत होते, पण लिओपोल्ड यांचे मूळ म्हणणे अगदी निराधार नव्हते.

इतिहास वाचणाऱ्याला हा प्रवास फार शिकवून जातो. सुंदर आणि बोधप्रद कथा हाती आली की, तिच्यातील आकडे तपासण्याचे आपण टाळतो. आणि आकडे चुकीचे ठरले की, सारी कथाच खोटी म्हणून फेकून देतो. दोन्ही आळसाचेच प्रकार आहेत.

आज त्या पठारावर शिकार पुन्हा होते, पण मोजून मापून. किती परवाने द्यावयाचे हे राज्याचे खाते दर वर्षी ठरविते आणि सोडत काढते. बाहेरच्या राज्यांतील अर्जदारांना जास्तीत जास्त दहा टक्के परवाने मिळू शकतात. त्यासाठी माणसे वर्षानुवर्षे अर्ज करीत राहतात. वाळवंट तेच आहे, पाण्याची टंचाई तीच आहे. जुलै २०२५ मध्ये विजेने लागलेल्या वणव्यात उत्तर काठावरील जुने विश्रामगृह आणि अरण्याचा मोठा भाग जळाला. त्या राखेतून अ‍ॅस्पेनचे कोंब वर येतील, तेव्हा ते कोण आणि किती खाणार, हा जुनाच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.

भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला आळा घातला आणि ते योग्यच झाले. म्हणून कायबॅबकडे पाहताना आपण शिकाऱ्याला दोष देऊन मोकळे होण्याचा संभव आहे. परंतु कायबॅबची हरणे शिकाऱ्याच्या गोळीने मेली नाहीत. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी त्यांचे शत्रू मारले आणि त्यांना अन्नावाचून ठेवले. रूझवेल्ट दुष्ट नव्हते, ओवेन्स दुष्ट नव्हता, हंट नव्हते, मॅककॉर्मिकही नव्हता. प्रत्येकाला हरणांचे भले करावयाचे होते. हरणे काय खातात, कोठे जातात आणि कोंडीत सापडली म्हणजे कोणीकडे वळतात, हे आधी पाहावे एवढेच त्यांच्याकडून राहून गेले.

त्या डिसेंबरच्या बर्फात हरणे मागे वळली. माणसांनी ठरवून दिलेल्या सुटकेकडे पाठ करून ती आपल्या ओळखीच्या, उपाशी रानाकडे गेली. आणि घंटा वाजविणारे हात थांबून त्यांच्याकडे नुसते पाहत राहिले.